कोकणात पहिलं बाळंतपण: सातव्या महिन्यापासूनची तयारी

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आपल्याकडे अजून टिकून आहे. मुंबई-ठाण्यात सासर असलेली मुलगी दिवस भरत आले की दापोलीला, देवगडला नाहीतर वेंगुर्ल्याला येते. घरात दुपटी शिवली जातात, हळीव आणि डिंक आणला जातो. ते सगळं करायला आई, मावशी, काकी आहेतच, म्हणून त्याबद्दल इथे फारसं लिहीत नाही. बाळंतपण कुठे करायचं, तिथवर पोचायचं कसं आणि आत गेल्यावर डॉक्टर-सिस्टर जे जे करतील ते कशासाठी, एवढंच सांगते. प्रसूती कक्षात ड्युटी करताना फार वेळा पाहिलं आहे की कळा सोसणारी मुलगी बऱ्यापैकी खंबीर असते, पण ‘व्हॅक्युम’ किंवा ‘सिझर’ हा शब्द आयत्या वेळी कानावर पडला की ती आणि दाराबाहेरचे सगळेच कोसळतात. हे शब्द नवव्या महिन्यात, शांतपणे, चहा पिता पिता ऐकलेले बरे.

माहेरी यायचं कधी

आठव्यात प्रवास करू नये, सातव्यात नाहीतर नवव्यात यावं, अशी समजूत आहे. ती धरून बऱ्याच जणी नवव्यात निघतात, आणि तीच वेळ सगळ्यात गैरसोयीची. ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ पूर्ण दिवसांचं धरतात, म्हणजे त्यानंतर कळा कधीही सुरू होऊ शकतात. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नसेल तर ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान या. शक्यतो रेल्वेने, खालच्या बर्थवर. गणपतीच्या तोंडावर मुंबई-गोवा महामार्गाने येणं टाळाच. गाडीत दहा-बारा तास पाय लोंबकळत बसणं कुणालाच चांगलं नाही, गरोदर बाईला तर नाहीच.

आल्या आल्या गावच्या आशाताईंना कळवा आणि उपकेंद्रात नाव नोंदवा. माता-बाल संरक्षण कार्ड मुंबईत निघालं असेल तर तेच इथे चालतं, नवं काढत बसायला नको. सोबत पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हवीच, कारण तारीख तिच्यावरून सगळ्यात बिनचूक ठरते. शेवटची सोनोग्राफी, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही आणि काविळीचे रिपोर्टही आणा. सगळ्या कागदांचे फोनमध्ये फोटो काढा आणि मूळ कागद चेन असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. जुलैतल्या पावसात भिजून आलेलं एक कार्ड आठवतं. शाई फुटून रक्तगटाच्या रकान्यात निळा डाग उरला होता आणि ‘बी’ पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, तेच वाचता येत नव्हतं. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. ते तालुक्याच्या औषध दुकानात मिळेलच असं नाही, म्हणून आधीच चौकशी करून ठेवायची.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. ती फुकट असते आणि डॉक्टर तपासतात. इथल्या डॉक्टरांनी तुम्हाला एकदा तरी कळांच्या आधी पाहिलेलं असावं, यासाठी ही तारीख चुकवू नका.

दवाखाना ठरवताना

नेहमी विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘डॉक्टर चांगले आहेत ना?’ हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं ते असं: रात्री दोन वाजता सिझर लागलं तर ते इथेच होईल का? भूलतज्ज्ञ इथेच असतात की बाहेरून बोलावतात, आणि बोलावल्यावर किती वेळात येतात? रक्त कुठून आणता? बाळाला त्रास झाला तर बालरोगतज्ज्ञ आहेत का, नसतील तर बाळाला कुठे पाठवता? चार-दोन खाटांच्या सूतिकागृहातही या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळतात. उत्तर देताना कुणी चिडलं, तर तेही एक उत्तरच समजा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात साधं बाळंतपण नीट होतं. पण तुमचा बीपी वाढलेला असेल, साखर असेल, जुळं असेल, बाळ पायाळू असेल, वार खाली असेल, आधीचं सिझर असेल किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलेलं असेल, तर जवळचं सोडून पहिल्यापासूनच मोठं ठिकाण धरा. म्हणजे रत्नागिरी, अलिबाग किंवा ओरोसचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय असलेलं उपजिल्हा किंवा खासगी रुग्णालय. गुंतागुंत वाढली तर दक्षिण सिंधुदुर्गातून गोव्याला बांबोळीला, रत्नागिरीकडून घाट चढून कोल्हापूरला आणि चिपळूणकडून कराडला पाठवतात, हे मनात असू द्या. ‘तिकडे पाठवलं म्हणजे आता काही खरं नाही’ असं नसतं. वेळेत पाठवणारा डॉक्टर शहाणा.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत आहे. नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात दिवसांपर्यंत जेवण मिळतं, शिवाय येण्याजाण्याची गाडीही. बाहेरून औषधाची चिठ्ठी दिली तर ‘हे कार्यक्रमात बसत नाही का?’ असं विचारायला लाजू नका.

रस्ता

खाडी, घाट आणि पाऊस, या तिन्हींचा हिशोब आधी करायचा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने दिवसा तासाभराचा वळसा वाचतो, पण बोट रात्री बंद असते. तुमचा बेत बोटीवर उभा असेल तर रात्रीचा दुसरा रस्ता एकदा प्रत्यक्ष गाडीने जाऊन बघा आणि वेळ मोजा. पावसाळ्यात परशुराम, कुंभार्ली, आंबा, करूळ यांपैकी कुठला ना कुठला घाट दरडीमुळे बंद पडतोच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं, तेव्हा घरातून बाहेर पडायचीही सोय नव्हती. जुलै-ऑगस्टमध्ये तारीख असेल आणि घर नदीकाठी किंवा पऱ्ह्यापलीकडच्या वाडीत असेल, तर शेवटचे आठ-दहा दिवस तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे मुक्काम हलवा. कुणाला अवघड वाटेल, पण साकवावरून पाणी जात असताना खुर्चीत बसवून बाई पलीकडे नेणं त्याहून अवघड.

१०८ ही तातडीची रुग्णवाहिका, १०२ गरोदर आई आणि तान्ह्या बाळासाठीची. दोन्ही मोफत. पण वाडीत रेंज नसते, म्हणून फोन कुठे उभं राहिल्यावर लागतो ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. रिक्षा किंवा सुमोवाला असा दुसरा माणूसही ठरवून ठेवा, आणि तो संध्याकाळनंतर पीत नाही याची खात्री करा. विनोद नाही करत.

रक्तासाठी तुमच्याच गटाचे दोन-तीन जण आधीच विचारून ठेवा. ते गावात असणारे हवेत, दर शनिवारी मुंबईहून येणारे नकोत.

पिशवी

पिशवीचं फार स्तोम माजवू नका. दोन जुने सुती गाऊन, मोठे पॅड, धुतलेली मऊ सुती दुपटी, बाळाचं टोपडं आणि मोजे, टॉवेल, चपला, बॅटरी, चार्जर, पाण्याची बाटली आणि झाकण घट्ट लागणारा एक डबा. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक. नवी कोरी झबली धुतल्याशिवाय घालू नयेत. पिशवी ३६ व्या आठवड्यात दाराजवळ ठेवा.

कळा खऱ्या की खोट्या

ठरलेल्या तारखेलाच शंभरात चार-पाच जणीच बाळंत होतात. त्यामुळे तारीख उलटली म्हणून शेजारणी विचारायला आल्या तर हसून सोडून द्या. मात्र ४१ आठवड्यांच्या पुढे घरी थांबू नका.

खोट्या कळा अनियमित असतात, बहुधा पोटात पुढच्या बाजूला जाणवतात आणि चाललं, कूस बदलली की विरतात. खऱ्या कळा बऱ्याचदा कमरेतून सुरू होऊन पुढे येतात, ठरावीक अंतराने येतात, आणि ते अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो. शहरात सांगतात की पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की निघा. हा नियम कोकणातल्या वाडीला लागू करू नका. दवाखाना तासाभरावर असेल तर कळा दहा मिनिटांवर आल्या आणि टिकल्या की गाडी सांगा. आत गेल्यावर ‘अजून वेळ आहे, घरी जाऊन या’ म्हणाले तरी तालुक्यातच थांबा.

चिकट, किंचित लालसर स्राव गेला तर घाई नाही, बाळंतपणाची तयारी सुरू झाली एवढाच त्याचा अर्थ. पाणी गेलं तर मात्र कळा असोत-नसोत, निघायचं. पाण्याचा रंग बघून ठेवा. हिरवट किंवा काळपट असेल तर बाळाने आत शी केलेली असू शकते, आणि ते फोनवरच सांगायचं.

पुढची लक्षणं दिसली तर वाट बघायची नाही, मध्यरात्र असली तरी: अंगावरून रक्त जाणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर-हातांवर अचानक सूज, बरगडीखाली दुखणं, झटका, ताप, ३७ आठवड्यांआधी कळा किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं. पावसाळ्यातल्या तापाला ‘पाणी बदललंय’ म्हणून काढा देऊ नका. आपल्याकडे लेप्टो, मलेरिया, डेंग्यू सगळंच असतं. हालचालीबद्दल शंका आली तर जेवून डाव्या कुशीवर पडा आणि मोजा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर त्याच दिवशी दाखवा.

आत गेल्यावर काय होतं

बीपी, नाडी, बाळाचे ठोके आणि आतून तपासणी. गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते सेंटिमीटरमध्ये सांगतात, पूर्ण म्हणजे १०. पाचपर्यंतचा काळ सगळ्यात रेंगाळतो, पहिलटकरणीला कधी कधी दिवसभर जातो. त्यात काही बिघडलेलं नसतं. पाचनंतर वेग येतो, तरी पहिल्या खेपेला दहा-बारा तास लागू शकतात. ‘तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे’ हा जुना हिशोब जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सोडून दिला. तोंड पूर्ण उघडल्यावर जोर द्यायचा, पहिलटकरणीला त्यालाही तीन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. मग बाळ, आणि साधारण अर्ध्या तासाच्या आत वार.

या सगळ्या वेळात आडवं पडून राहायची गरज नाही. चाला, उकिडव्या बसा, खिडकीचा गज धरून वाका. खाण्यापिण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. सिझरची शक्यता दिसत नसेल तर पातळ पदार्थ चालतात, आणि त्यात आपल्या उकड्या तांदळाच्या पेजेला तोड नाही. एका आजीने रात्रभर प्रसूती कक्षाच्या दाराशी बसून स्टीलच्या डब्यातली कोमट पेज चमचा-चमचा आत पाठवली होती, वर मिठाचा खडा आणि आमसुलाचं बोट. सलाईनपेक्षा त्या मुलीला तिचाच आधार झाला. शहाळ्याचं पाणीही चांगलं.

सोबत एक बाई असू द्यायची सोय सरकारी प्रसूती कक्षांतही आता मान्य आहे. ती निवडताना मान म्हणून कुणाला पाठवू नका. जिच्यासमोर तुम्हाला ओरडायला संकोच वाटत नाही अशी बाई हवी, आणि ‘माझ्या वेळी असं नव्हतं’ म्हणणारी नको.

डॉक्टर जे करू शकतात

कळा सुरू करणं. ४१ आठवडे उलटले, पाणी जाऊन कळा आल्या नाहीत, बीपी किंवा साखर वाढली, तर कळा आणाव्या लागतात. त्यासाठी गोळी, आत लावायचं जेल किंवा फुग्याची नळी वापरतात, आणि तोंड मऊ झालं की ‘कळांचं सलाईन’. हे चालायला एक-दोन दिवसही लागतात, त्यामुळे दुपारी जेल लावलं म्हणून संध्याकाळी पेढे मागवू नका. सलाईनमधलं औषध थेंब मोजून देतात, बाळाचे ठोके ऐकत. बाळ बाहेर येण्याआधी लवकर मोकळी व्हावी म्हणून कुणी तेच औषध दंडात टोचू लागलं तर ठाम नकार द्या. त्याने कळा आवरेनाशा होतात, बाळ गुदमरतं, गर्भाशय फाटूही शकतं. बाळ झाल्यावर मांडीत किंवा दंडात जे इंजेक्शन देतात ते वेगळ्या कामाचं: ते रक्तस्राव रोखतं आणि प्रत्येकीला मिळायलाच हवं.

पाणी फोडणं. कळा सुरू असताना बाळाभोवतीची पाण्याची पिशवी हुकाने फोडतात. ते दुखत नाही, गरम पाणी वाहतं. नंतर कळांचा जोर वाढतो.

दुखणं कमी करणं. कण्यात बारीक नळी घालून देतात तो एपिड्युरल. त्याला भूलतज्ज्ञ सतत जवळ लागतो, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक मिळणार नाही. मिळत नाही तिथे इंजेक्शन, कमरेला गरम पाण्याची पिशवी, पाठीवर तळव्याचा दाब आणि लांब श्वास. दुखणं सहन न होणं हा कमीपणा नाही. आरडाओरडा करणाऱ्यांना गप्प करणारे कर्मचारी असतात, त्यांचं मनावर घेऊ नका.

कट आणि टाके. बाळाचं डोकं येताना जागा मोठी करायला तिरका छेद देतात. प्रत्येक पहिलटकरणीला तो द्यायलाच हवा असं नाही. बाळाचे ठोके घसरत असतील किंवा बाळाला बाहेर घ्यायला चिमटा लावायचा असेल तेव्हा उपयोगी पडतो. नवव्या महिन्यातच विचारा, ‘गरज असेल तरच द्याल ना?’ छेद देण्याआधी आणि टाके घालताना जागा बधिर करायची असते. बधिर झाली नसेल तर स्पष्ट सांगा. टाके सहसा विरघळणारे असतात.

पोट दाबणं. जोर कमी पडतो म्हणून वरून कोपराने पोट दाबायची पद्धत अजून कुठे कुठे दिसते. ती धोक्याची आहे. सोबतच्या बाईने इथे तोंड उघडायचं.

व्हॅक्युम किंवा चिमटा. बाळ अगदी खाली आलेलं आहे, पण आई थकली किंवा बाळाचे ठोके बिघडले, तर डोक्याला कप लावून किंवा चिमट्याने बाहेर यायला मदत करतात. कपामुळे डोक्यावर उंचवटा येतो, तो एक-दोन दिवसांत ओसरतो. मेंदूला मार बसल्याची ती खूण नव्हे. आज्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बारशापर्यंत रडारड.

सिझर. वार खाली असणं, बाळ आडवं असणं, बाळाचे ठोके घसरणं, तोंड उघडायचं थांबणं, बाळाच्या आधी नाळ बाहेर येणं, ही ठळक कारणं. बहुधा पाठीत एक इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, तुम्ही जाग्या असता. खेचाखेच जाणवते, दुखत नाही. बाळ पहिल्या पाच-दहा मिनिटांत बाहेर येतं, बाकीचा वेळ टाके घालण्यात जातो, एकूण तासभर धरा. पुढच्या खेपेला नॉर्मल होऊ शकतं का, ते छेद कसा होता आणि कारण काय होतं यावर ठरतं, म्हणून ऑपरेशनचा कागद मागून घ्या.

सिझर ठरलं की विचारायचे प्रश्न तीनच: कारण काय, थांबलं तर काय होईल, आणि हातात वेळ किती आहे? ‘अर्धा तास थांबून बघू’ असंही उत्तर येतं. आणि ‘आत्ता, लगेच’ असं आलं तर पुढचा प्रश्न विचारू नका. सज्ञान बाईच्या ऑपरेशनला तिची स्वतःची सही ही मुख्य सही. नवरा दुबईच्या बोटीवर आहे, सासरे मुंबईहून निघालेत, ते येईपर्यंत थांबू, असं होता कामा नये. तुम्ही गुंगीत असाल तर तुमच्या वतीने कोण बोलेल, ते नाव आधी ठरवा आणि दोन्ही घरांना सांगून टाका.

तांबी. बाळंतपणानंतर लगेच तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवायची सोय सरकारी रुग्णालयात असते. हवी असेल तर चांगली आहे, पण तुम्हाला विचारून. याचं उत्तर कळांच्या भरात देऊ नका, आधीच देऊन ठेवा.

बाळ आल्यावरचा पहिला तास

बाळ रडलं, ठीक असलं तर कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात, वरून दुपटं. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापली तर बाळाला जास्तीचं रक्त मिळतं. पहिल्या तासात अंगावर पाजायचं, सिझर झालं तरीही. पिवळसर चीक टाकायचा नाही. मध नाही, गूळपाणी नाही, गुटी नाही. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि बीसीजी, पोलिओ, काविळीची लस इथेच मिळते.

आईकडे लक्ष या वेळी कमी पडतं, कारण सगळे बाळाभोवती. आपल्या देशात बाळंतिणी सगळ्यात जास्त दगावतात त्या रक्त गेल्याने. तासाला एक पॅड भिजायला लागला, गाठी पडल्या, गरगरलं, तर सिस्टरला हाक मारा, ‘आता येतीलच’ म्हणून बसू नका. नॉर्मल झालं तरी ४८ तास दवाखान्यात राहायचं, घरी पाहुणे जमलेत म्हणून डिस्चार्ज मागू नका.

घरी आल्यावर

लाडू, खीर, तेल लावून अंघोळ, खुशाल. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी आणि धुरी मात्र नको. कोळशाचा धूर कोंडला की आई-बाळ दोघांना घातक. नाळेवर हळद, राख, तेल काही लावायचं नाही. बाळ पिवळं दिसलं, दूध ओढेना, अंग गार किंवा तापलेलं लागलं, तर पाचवी उरकून मग नेऊ असं म्हणू नका.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर ते कळवतात, तरी दाखला हातात येईपर्यंत विचारत राहा. नाव ठरलेलं नसेल तर नावाशिवायही नोंद होते, नाव नंतर घालता येतं. आईबापांची नावं आधारप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळतात का, ते मात्र तिथेच खिडकीवर उभं राहून वाचून घ्या.